विल्यम कॅरी : पाळण्यातला बाप्तिस्मा आणि नदीतला बाप्तिस्मा

विद्यार्थी मित्रांनो, विल्यम कॅरी हे नाव तुम्ही मराठी भाषेच्या इतिहासात वाचलं असेल. इ.स. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी लिपीतला मराठी कोश छापणारे इंग्रज मिशनरी, एवढी त्यांची ओळख आपल्याला असते. आज आपण त्यांच्या आयुष्याकडे एका वेगळ्या प्रश्नातून पाहू. प्रश्न असा : तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा दिला, की तो माणूस जन्मभरासाठी ख्रिस्ती झाला का? कॅरी यांना हा प्रश्न स्वतःच्याच बाबतीत पडला होता.

आधी बाप्तिस्मा समजून घेऊ

बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती संस्कार. यामुळे माणूस मंडळीचा म्हणजे चर्चचा सभासद होतो. कॅथलिक, अँग्लिकन, लुथरन अशा अनेक चर्चमध्ये तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देतात. त्यांचं म्हणणं असं, की बाळाला दूध आणि नाव न मागताच मिळतं, तशीच देवाची कृपाही मिळते. बाळाच्या वतीने आईवडील आणि धर्मपालक वचन देतात. मूल मोठं झालं, की दृढीकरणाच्या विधीत ते वचन स्वतःच्या तोंडाने घेतं. त्यांच्या मते हा बाप्तिस्मा एकदाच होतो, तो पुसला जात नाही आणि पुन्हा देताही येत नाही.

बॅप्टिस्ट लोकांचं मत वेगळं आहे. आधी माणसाने स्वतः विश्वास ठेवावा आणि मगच बाप्तिस्मा घ्यावा, असं ते मानतात. म्हणून ते तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. मोठ्यांना देतात, तोही पाण्यात पूर्ण बुडवून.

बालपण

विल्यम कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधल्या पॉलर्सपरी या खेड्यात झाला. घर गरिबीचं होतं. वडील एडमंड आधी विणकर होते, नंतर गावच्या शाळेचे मास्तर आणि चर्चचे कारकून झाले. अशा घरात बाळाचा बाप्तिस्मा व्हायचाच. त्या काळी इंग्लंडमध्ये जन्म नोंदवणारं सरकारी कार्यालय नव्हतं, चर्चची बाप्तिस्म्याची वहीच कामाला यायची. बाप्तिस्मा न झालेलं मूल दगावलं, तर त्याला चर्चच्या विधीने पुरता येत नसे. मुलं पटापट दगावण्याच्या त्या दिवसांत आईबाप घाई का करत, हे तुमच्या लक्षात येईल.

तर विल्यम ख्रिस्ती होता का? चर्चच्या हिशेबाने होता. बाप्तिस्मा झाला होता, प्रार्थना पाठ होत्या, रविवार चुकत नव्हता.

खोटा शिलिंग

पुढे विल्यम जोडे शिवण्याच्या कामात उमेदवारी करू लागला. एका नाताळात त्याला बक्षिसी म्हणून एक शिलिंग मिळाला. नंतर कळलं, की तो पितळेचा, खोटा आहे. मालकाचे थोडे पैसे त्याने आधीच स्वतःसाठी खर्चले होते. मग त्याने काय केलं? मालकाच्या पैशांतला खरा शिलिंग ठेवून घेतला, आपला खोटा त्यात घातला, आणि तो मालकाच्याच पैशांत आला होता असं सांगून टाकलं. मालकाने चौकशी केली आणि लबाडी उघडी पडली. विल्यमला इतकी लाज वाटली, की गावात तोंड दाखवणं नको झालं, चर्चमध्ये जाणंही नको वाटू लागलं.

बघा, प्रसंग छोटाच आहे. पण या मुलाला त्यातून एक गोष्ट कळली. वहीत नाव असूनही मन जसं होतं तसंच राहिलं होतं. त्याच दुकानात जॉन वॉर नावाचा दुसरा उमेदवार होता. तो सरकारमान्य चर्चपासून वेगळ्या झालेल्या घरातला. दोघांचे खूप वाद व्हायचे. वादात विल्यम जिंकायचा, पण आतून त्याला ठाऊक असायचं, की खरं जॉनचंच आहे. १७७९ पासून तो या वेगळ्या मंडळीच्या सभेला जाऊ लागला.

नदीतली सकाळ

विल्यमने बायबल बारकाईने वाचलं. बाप्तिस्मा घेणारे लोक आधी विश्वास ठेवतात आणि मग पाण्यात उतरतात, असं त्याला त्यात दिसलं. मग पाळण्यातल्या आपल्या बाप्तिस्म्याचं काय? तो बाप्तिस्मा होता, की आईवडिलांची चांगली इच्छा? त्याने निर्णय घेतला. ५ ऑक्टोबर १७८३ च्या सकाळी नॉर्थॅम्प्टन गावाजवळ नीन नदीत जॉन रायलंड यांनी त्याला बाप्तिस्मा दिला. तेव्हा तो बावीस वर्षांचा, जोडे शिवून पोट भरणारा कारागीर होता.

हे सोपं नव्हतं. वडील चर्चचे कारकून, आणि मुलाने जणू सांगितलं, की तुम्ही केलेला संस्कार माझ्यापुरता अपुरा आहे. शिवाय त्या काळच्या इंग्लंडमध्ये सरकारमान्य चर्च सोडणाऱ्याला सरकारी पदं आणि विद्यापीठांची दारं जवळपास बंद असत.

बंगालमध्ये

१७९२ मध्ये कॅरी आणि त्यांच्या मित्रांनी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन केली. १७९३ च्या नोव्हेंबरमध्ये ते कुटुंबासह कोलकात्यात पोचले. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजारपणात गेला. पत्नी डोरोथी यांचं मन त्या धक्क्यातून सावरलं नाही. बॅप्टिस्ट घरातल्या मुलांप्रमाणे पीटरचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. दुसरा एखादा बाप घाबरून बाकीच्या मुलांना लगेच पाण्याकडे घेऊन गेला असता. कॅरी यांनी मात्र आपला नियम बदलला नाही.

१८०० मध्ये ते श्रीरामपूरला राहायला गेले. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे, कोलकात्याजवळचं श्रीरामपूर. तिथे २८ डिसेंबर १८०० रोजी त्यांनी हुगळी नदीत दोघांना बाप्तिस्मा दिला. एक होते कृष्ण पाल नावाचे सुतार. दुसरा होता त्यांचाच पंधरा वर्षांचा मुलगा फेलिक्स. मिशनऱ्याचा मुलगा असूनही तो आपोआप ख्रिस्ती धरला गेला नव्हता. त्याला स्वतः पाण्यात उतरावं लागलं.

एक जहाज आणि एक शब्द

१८१२ मध्ये अमेरिकेहून अडोनिराम जडसन आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅन भारताकडे निघाले. त्यांची संस्था बालबाप्तिस्मा मानणारी. श्रीरामपूरला कॅरी यांच्याशी या विषयावर वाद होणार, म्हणून जडसन जहाजावरच अभ्यासाला बसले. अभ्यास करता करता त्यांचंच मत बदललं! ६ सप्टेंबर १८१२ रोजी कोलकात्यात कॅरी यांचे सहकारी विल्यम वॉर्ड यांनी दोघांना बाप्तिस्मा दिला. त्यासाठी परक्या देशात त्यांना आपल्या संस्थेचा आधार सोडावा लागला. त्याच संस्थेने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट आपल्या जुन्या मतावर राहिले. ते १८१३ मध्ये मुंबईला आले आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं.

वाद भाषांतरातही शिरला. श्रीरामपूरच्या भाषांतरकारांनी बाप्तिस्म्यासाठी बुडवणे या अर्थाचा शब्द वापरला. इतर चर्चना तो खटकला, कारण डोक्यावर पाणी ओतूनही बाप्तिस्मा होतो असं ते मानत. मराठी बायबलमध्ये आज मूळ ग्रीकवरून आलेला बाप्तिस्मा हाच शब्द आहे. त्यात बुडवणंही बसतं आणि ओतणंही.

मग उत्तर काय?

मित्रांनो, कॅरी यांचं उत्तर स्पष्ट होतं : बालबाप्तिस्म्याने माणूस जन्मभरासाठी ख्रिस्ती होत नाही. पण त्यांच्याच घरातली पुढची गोष्ट ऐका. स्वतःहून बाप्तिस्मा घेतलेला फेलिक्स मोठेपणी ब्रह्मदेशात मिशनरी झाला, आणि मग ते काम सोडून तिथल्या राजाच्या नोकरीत गेला. कॅरी यांना फार वाईट वाटलं. काही वर्षांनी फेलिक्स परत येऊन भाषांतराच्या कामाला लागला आणि १८२२ मध्ये वारला. म्हणजे समजून-उमजून घेतलेला बाप्तिस्माही जन्मभराची हमी देत नाही. तो रोज जगावा लागतो.

उलट बाजूही लक्षात घ्या. पाळण्यात बाप्तिस्मा झालेली असंख्य माणसं तो मोठेपणी मनापासून स्वीकारतात आणि आयुष्यभर निभावतात. त्यांना पुन्हा नदीत उतरण्याची गरज वाटत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात अनेक चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात अँग्लिकनही आले आणि बॅप्टिस्टही. कोणाचा बाप्तिस्मा खरा, यावर वाटाघाटी फार अडल्या होत्या. शेवटी दोन्ही पद्धती मान्य झाल्या. पालकांना हवं तर बाळाला बाप्तिस्मा द्यावा, नको तर मूल मोठं होईपर्यंत थांबावं. पण दोन्ही वाटांवर एक गोष्ट सारखीच : मोठेपणी प्रत्येकाने आपल्या विश्वासाची कबुली स्वतः द्यायची.

विल्यम कॅरी ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूरला वारले. आपल्याला त्यांच्याकडून मराठीचं व्याकरण मिळालं, तसा हा विचारही मिळाला : आईवडील आपल्याला नाव देतात, भाषा देतात, धर्म देतात. हे देणं खरंच मोलाचं आहे. पण ते आपलं कधी होतं? आपण ते समजून घेऊन स्वतः स्वीकारतो तेव्हा.

विचार करा

१. खोट्या शिलिंगाच्या प्रसंगातून विल्यमला काय कळलं?
२. फेलिक्सच्या आयुष्यावरून बाप्तिस्म्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?
३. तुम्हाला घरातून मिळालेली आणि तुम्ही पुढे स्वतः समजून स्वीकारलेली एक गोष्ट वहीत लिहा.