सारस्वतकार विनायक लक्ष्मण भावे

वारकऱ्याच्या घरीं आज गाथा आहे, ज्ञानेश्वरी आहे, नाथांचें भागवत आहे. चष्मा लावला, खूण ठेवलेलें पान उघडलें, कीं वाचन सुरू. परंतु हीं पुस्तकें अशीं सोपीं होऊन आपल्या हातीं येण्यापूर्वीं कोणाकोणाचे डोळे त्यांच्यापायीं शिणले, याची आठवण आपण क्वचितच काढतों. अशांपैकीं एक सत्पुरुष आपल्या ठाण्याचे. त्यांचें नांव विनायक लक्ष्मण भावे. त्यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

भाव्यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८७१ रोजीं पनवेलजवळच्या पळस्पें गांवीं झाला. शिक्षण ठाण्यास व मुंबईस झालें. विषय घेतला तो शास्त्राचा. त्या काळीं शास्त्राची पदवी म्हणजे लहान गोष्ट नव्हे. घरचा धंदा मिठाचा. ठाण्याच्या खाडीकांठीं तेव्हां मिठागरें पसरलेलीं होतीं. आतां बघा, पदवी पदरीं पडली, पोटापाण्याची ददात नाहीं. अशा माणसानें पुस्तकें बासनांत बांधून माळ्यावर टाकलीं असतीं, तरी त्याला कोण बोललें असतें? शाळा संपली कीं शिकणें संपलें, हीच तर जगाची रीत! भाव्यांनीं ती रीत मोडली.

पदवीच्या आधींच त्यांनीं एक मोठें काम केलें होतें. १ जून १८९३ रोजीं, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षीं, त्यांनीं विष्णु भास्कर पटवर्धन यांच्या सोबतीनें ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केलें. वाचनालयें त्यापूर्वींही होतीं. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ चें आहे. पण केवळ मराठी ग्रंथांसाठींच संग्रहालय काढावें, ही कल्पना नवी होती. मराठींत छापलेलें पुस्तक कोठें तरी एके ठिकाणीं जपून राहावें आणि ज्याला शिकावयाचें आहे त्याला तें मिळावें, एवढाच साधा हेतु. पुढें १८९८ सालीं मुंबईसही मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें. ठाण्याचें संग्रहालय आजही चालू आहे.

मग भाव्यांना वेड लागलें तें जुन्या पोथ्यांचें. हें वेड कसलें, ती दुसरी शाळाच होती! छापील पुस्तक वाचणें निराळें आणि हस्तलिखित पोथी वाचणें निराळें. पोथींत शब्द तोडून लिहिलेले नसतात, ओळ सगळी सलग. लेखकाचें वळण ओळखावें लागतें. भाषा चारपांचशें वर्षांपूर्वींची; शब्द ओळखीचा वाटतो आणि अर्थ मात्र दुसराच निघतो. कोठें वाळवीनें पान खाल्लेलें, कोठें पाण्यानें शाई फुटलेली. पदवी घेतलेला हा गृहस्थ पुन्हा पाटी घेऊन बसला म्हणा ना! त्यांना पोथी वाचावयास लावी ती केवळ आपली गोडी. तिच्यापुढें परीक्षा नव्हती, बढती नव्हती, कीं बक्षीस नव्हतें.

जें मिळालें तें त्यांनीं आपल्यापुरतें ठेवलें नाहीं. १९०३ सालीं त्यांनीं ‘महाराष्ट्र कवि’ नांवाचें मासिक काढून जुन्या कवींचें काव्य लोकांपुढें आणण्यास आरंभ केला. आंब्याजोगाईच्या दासोपंतांसारख्या थोर पुरुषाचें लेखन पोथ्यांच्या फडक्यांतून निघून छापखान्यांत आलें, त्यांत भाव्यांचा वांटा मोठा आहे.

त्यांचा मुख्य ग्रंथ ‘महाराष्ट्र सारस्वत’. मराठी वाङ्मयाचा हा इतिहास प्रथम १८९८-९९ च्या सुमारास ‘ग्रंथमाले’तून निघाला. त्या वेळीं भावे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे होते. नांव झालें होतें; तेवढ्यावर थांबले असते तर कोणी कांहीं म्हटलें नसतें. पण सुमारें वीस वर्षांनीं, १९१९ सालीं, तोच ग्रंथ पुष्कळ वाढवून, नवी भर घालून त्यांनीं पुन्हा काढला. मधल्या काळांत ते शिकतच होते ना! महानुभावांच्या पोथ्यांचेंच घ्या. त्या पोथ्या सांकेतिक लिपींत लिहिलेल्या. अक्षर डोळ्यांपुढें असून बाहेरच्या माणसाला एक शब्द वाचतां येऊं नये! इतिहासाचार्य राजवाडे यांनीं त्या लिपीचा उलगडा केला. भाव्यांनींही त्यासाठीं परिश्रम केले. पंथाच्या महंतांपाशीं जाऊन, त्यांचा विश्वास संपादून हें धन मिळवावें लागलें. ज्यानें वाङ्मयाचा इतिहास लिहिला, तोच पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करतो. आपलें आधींचें लेखन अपुरें ठरलें तरी त्याला त्याची लाज नाहीं. खरा विद्यार्थी तो हाच.

आतां आम्हां वारकऱ्यांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. तुकोबारायांची गाथा सरकारी मदतीनें १८६९ व १८७३ सालीं दोन भागांत छापली गेली होती. तरीही जुन्यांत जुनी वही कोणती, हा प्रश्न अभ्यासकांच्या मनांत होताच. चाकणचे संताजी तेली जगनाडे हे तुकोबांचे टाळकरी. त्यांच्या हातच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या वह्या त्यांच्या वंशजांनीं पिढ्यान्पिढ्या देव्हाऱ्यांतल्या मूर्तीसारख्या सांभाळल्या होत्या. त्या वह्यांवरून भाव्यांनीं ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ दोन भागांत १९१९-२० च्या सुमारास छापून काढला. यांत आम्हांला दोन गोष्टी दिसतात. पदवीधर पंडिताला जें पाहिजे होतें, तें मोठ्या शाळेच्या कपाटांत नव्हतें. घाणा चालविणाऱ्या एका टाळकऱ्याच्या घराण्यांत होतें. आणि तें घेण्यासाठीं त्याला वांकावें लागलें. ज्याला वांकतां येत नाहीं त्याचें शिक्षण पदवीपाशींच संपतें.

१२ सप्टेंबर १९२६ रोजीं भाव्यांनीं देह ठेवला. वय अवघें चोपन्न. त्यांच्या ग्रंथाचें काम मात्र थांबलें नाहीं. पुढें शं. गो. तुळपुळे यांनीं ‘महाराष्ट्र सारस्वता’स पुरवणी जोडली आणि मध्यंतरींच्या संशोधनाची भर घातली. आमच्या मतें भाव्यांना यापरतें श्राद्ध दुसरें नसावें.

हें सारें सांगण्याचें कारण असें. ठाणें, कल्याण, डोंबिवली इकडील आमची पुष्कळ मंडळी रोज गाडीच्या गर्दीनें कामाला जातात. शाळा सुटून वीस वर्षें झालीं, तीस झालीं. कोणी म्हणतात, आतां कसलें शिकणें? हरिपाठ पाठ आहे, तेवढा पुरे. बाबांनो, पाठ आहे हें फार चांगलें. पण ज्या ओवीचा अर्थ लहानपणीं कळला नव्हता, ती चाळिशींत पुन्हा वाचून पाहा. ओवी तीच असते, आपण निराळे झालेले असतों. वारी एकदां केली म्हणून पुढच्या आषाढीस कोणी घरीं बसतो का? मग वाचनच एकदां करून संपलें असें कां समजावें?

भाव्यांना वेळ होता म्हणून त्यांनीं केलें, असेंही म्हणूं नये. धंदा होता, संसार होता. आपल्याला त्यांच्याएवढें करावयाचें नाहीं. रोज गाथेचें एक पान, अर्थ लावून. अडलेला शब्द कोणाला तरी विचारावा. विचारतांना तो आपल्याहून लहान आहे कीं कमी शिकलेला, हें पाहूं नये. गांवांत ग्रंथसंग्रहालय असेल तर महिन्यांतून एकदां त्याचा उंबरा ओलांडावा. आणि ज्यांच्या घरीं आजोबांची एखादी जुनी वही फडक्यांत बांधून ठेवलेली असेल, त्यांनीं ती रद्दींत न टाकतां उघडून पाहावी. जगनाड्यांच्या घरीं वही जपली गेली आणि भाव्यांनीं ती वाचली, म्हणून तुकोबांचे बोल आपल्याला इतक्या जवळून ऐकूं येतात. जपणारा आणि वाचणारा, दोघेही पाहिजेत.