रोहू-कटलाचे बारसे करणारा डॉक्टर

शेततळ्यात रोहू, कटला आणि मृगळ हे तीन मासे एकत्र पाळले जातात, कारण तिघांची खाण्याची जागा वेगळी. कटला पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी टिपतो, रोहू मधल्या थरात चरतो, तर मृगळ तळाशी साचलेले कुजके सेंद्रिय पदार्थ खातो. बीज ओळखण्यात चूक झाली, तर एका थरात गर्दी होते आणि दुसऱ्या थरातले अन्न तसेच राहते. या तिन्ही माशांचे शास्त्रीय वर्णन प्रथम केले ते फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने.

हॅमिल्टन यांचा जन्म १७६२ मधला. मूळ आडनाव बुकानन. आईकडील वारशामुळे उतारवयात त्यांनी हॅमिल्टन हे आडनाव घेतले. एडिंबरो विद्यापीठातून १७८३ मध्ये वैद्यकीची पदवी घेऊन त्यांनी काही वर्षे जहाजावर डॉक्टरकी केली आणि १७९४ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील वैद्यकीय सेवेत रुजू झाले. खरी ओढ वनस्पतिशास्त्राची होती. पण ब्रह्मदेश, म्हैसूर, नेपाळ अशा मोहिमांवर जाताना समोर येईल त्या जीवाची नोंद ठेवण्याची सवय त्यांना जडली.

कंपनीने १८०७ मध्ये त्यांच्याकडे बंगाल-बिहारच्या पाहणीचे काम सोपवले. शेती, रोगराई, व्यापार यांच्याबरोबर मासेमारीचीही माहिती घ्यायची होती. पुढची सात वर्षे ते जिल्ह्यामागून जिल्हा फिरले. कोळ्यांनी आणलेला मासा ते बारकाईने पाहत. तोंडाची ठेवण कशी, ओठ कसे, मिशा आहेत की नाहीत, परात काटे किती, हे सारे टिपून घेत. भारतीय चित्रकारांकडून माशांची चित्रे काढून घेत.

शास्त्रीय नावे देताना त्यांनी कोळ्यांच्या तोंडचे शब्द टाकून दिले नाहीत. रोहूच्या नावात ‘रोहिता’, मृगळच्या नावात ‘मृगाला’ आणि कटलाच्या नावात ‘कटला’ आजही आहे. मागूर आणि टेंगरा या माशांनाही त्यांनी लोकांनी वापरलेलीच नावे दिली.

१८१५ मध्ये मायदेशी परतताना मात्र त्यांना मोठा धक्का बसला. गव्हर्नर जनरलच्या आदेशामुळे अनेक वर्षे जमवलेल्या चित्रांचा मोठा भाग कोलकात्यातच सोडावा लागला. तरीही हाती उरलेल्या चित्रांच्या आणि टिपणांच्या आधारे त्यांनी काम पुरे केले. गंगा आणि तिच्या उपनद्यांतील २६९ प्रकारच्या माशांचे वर्णन करणारा त्यांचा ग्रंथ १८२२ मध्ये एडिंबरोत प्रसिद्ध झाला. यातील बहुतेक माशांचे मूळ नमुने जतन झालेले नाहीत. त्यामुळे पुढच्या अभ्यासकांना त्यांच्या शब्दांवर आणि चित्रांवरच भिस्त ठेवावी लागली. कोलकात्यात राहिलेली चित्रेही पुढे जॉन मॅक्लेलंड यांच्यासारख्या अभ्यासकांच्या उपयोगी पडली.

याच ग्रंथात अंगावर निळे पट्टे असलेला एक बोटभर लांबीचा मासाही आहे. तोच आजचा झेब्राफिश. त्याचा भ्रूण पारदर्शक असल्याने हृदय, मेंदू घडताना सूक्ष्मदर्शकाखाली थेट पाहता येतो. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांशी मिळतीजुळती जनुके त्याच्यात आढळतात. म्हणूनच जगभरच्या वैद्यकीय प्रयोगशाळांत तो पाळला जातो.

हॅमिल्टन १८२९ मध्ये वारले. आज तळ्यासाठी बोटुकली आकाराचे बीज घेताना जाणकार जी लक्षणे पाहतात, ती त्यांनी नदीकाठी पाहिली त्याच प्रकारची आहेत. मोठे डोके, वर वळलेले तोंड आणि मिशा नाहीत, तो कटला. झालरीसारखे ओठ असलेला रोहू. लांबट अंगाचा, पातळ ओठांचा मृगळ. पैसे मोजण्यापूर्वी पसाभर पिल्ले पांढऱ्या घमेल्यात घेऊन ही लक्षणे पाहिली, तर वर्षभराचा खर्च चुकीच्या माशावर होत नाही.