मूठभर धान्यावर उभ्या राहिल्या शाळा

आज २२ सप्टेंबर, कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती. शाळाशाळांत फोटोला हार पडेल, पोरं भाषणं करतील. पण अण्णांनी खेड्यापाड्यात शाळा कशाच्या जोरावर काढल्या आणि हातात पैसा नसताना चालवल्या कशा, हे आपण गावकऱ्यांनी आज जास्त समजून घेण्यासारखं आहे.

अण्णांचा जन्म १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. वडील महसूल खात्यात कारकून. अण्णांचं स्वतःचं शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडंच थांबलं. कोल्हापुरात असताना शाहू महाराजांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी काढलेली वसतिगृहं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. पुढं पोटापाण्यासाठी ते ओगल्यांच्या काचेचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर खपवायला गावोगाव हिंडले. नांगर विकणाऱ्या माणसाला शेतकऱ्याच्या ओट्यावर बसावं लागतं. कुणाच्या चुलीवर काय शिजतं आणि कुणाचं हुशार पोर गुरामागं जातं, हे त्यांना तिथंच कळलं.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली काम साताऱ्याला आलं आणि तिथं बोर्डिंग सुरू झालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायची. पाणवठेसुद्धा वेगळे असण्याचा तो काळ होता. १९२७ साली महात्मा गांधी आले आणि त्यांच्या हस्ते या बोर्डिंगला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

आता प्रश्न पैशाचा. अण्णांनी मोठ्या देणगीदारांकडं हात पसरलेच, पण भरवसा ठेवला तो गावावर. दळणकांडण करताना घरातल्या बाईनं बोर्डिंगसाठी मूठभर धान्य बाजूला काढायचं, याला मुष्टिफंड म्हणत. रोख पैसा नसलेला गरीबसुद्धा त्यात देणारा झाला. पोरंही फुकट खात नव्हती. लाकडं फोडणं, पाणी भरणं, स्वयंपाक, शेतीकाम सगळं तीच करायची. यातूनच पुढं कमवा आणि शिका ही योजना उभी राहिली.

तरीही कोठी रिकामी व्हायची. अण्णा मदत मागायला बाहेरगावी गेलेले असायचे आणि घरी पोरं उपाशी. अशा वेळी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला, शेवटी गळ्यातलं मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या वारल्या. साताऱ्याच्या त्या बोर्डिंगचा पाया या माउलीच्या सोन्यावर आहे, हे फोटोला हार घालताना विसरू नये.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. कॉलेजचं नाव बदला, मोठी रक्कम देतो, असं एकानं सुचवलं होतं म्हणतात. अण्णांनी स्वतःच्या बापाचं नाव एकवेळ बदलीन, पण शिवाजी महाराजांचं नाही, असं सांगून त्याला वाटेला लावलं. पैशाची गरज होती, पण संस्था विकायची नव्हती.

खरी परीक्षा १९४८ साली झाली. अण्णांनी सरकारवर उघड टीका केली आणि संस्थेचं अनुदान बंद झालं. शाळा बंद पडतील असं वाटत होतं. पण लोक पाठीशी राहिले, शिक्षकांनी कळ काढली. गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. अण्णांनी या बाबांची आठवण ठेवली. १९५४ साली कराडला निघालेल्या कॉलेजला त्यांचंच नाव आहे.

१९५९ साली पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी.लिट. मिळाली. त्याच वर्षी ९ मे रोजी अण्णा गेले. रयतेचं बोधचिन्ह वडाचं झाड आहे. त्याची पारंबी जमिनीला टेकली की तिचंच खोड होतं. अण्णांच्या शाळेत शिकलेली कितीतरी पोरं पुढं तिथंच मास्तर झाली.

आज आपल्याकडं शाळेचं छत गळालं की आपण सरकारकडं बोट दाखवतो. सरकारनं द्यायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. अण्णाही हक्कानं मागायचे. पण मागणाऱ्या गावाची मूठही आधी उघडलेली असायची. जत्रेच्या वर्गणीला आपण मागं सरत नाही. या वर्षी ग्रामसभेत शाळेच्या वर्गणीचा विषय कोण काढणार, तेवढं ठरवू या.