मार्सेल द्यूशाँ : प्रदर्शनाच्या दाराशी ठेवलेला प्रश्न

कलाकृती कशाला म्हणावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? पंडितांनी हा प्रश्न ग्रंथांतून पुष्कळ चर्चिला. पण तो थेट प्रदर्शनाच्या दाराशी नेऊन ठेवला मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच कलावंताने.

द्यूशाँ यांचा जन्म १८८७ साली नॉर्मंडीत झाला. वडील नोटरी, परंतु दोघे थोरले बंधू कलेकडे वळलेले, एक चित्रकार तर दुसरा शिल्पकार. १९१२ साली जिना उतरणाऱ्या नग्नाकृतीचे त्यांचे चित्र पॅरिसच्या स्वतंत्र कलावंतांच्या प्रदर्शनात गेले. तेथे परीक्षक नसत. तरीही मांडणी करणाऱ्या नवमतवादी मंडळींना ते खटकले, आणि निदान नाव तरी बदलावे, असा निरोप त्यांनी बंधूंकरवी धाडला. द्यूशाँ यांनी वाद घातला नाही. चित्र टॅक्सीत घालून घरी आणले. बंडखोरांचेही पीठ बनते, हा धडा त्यांना पंचविशीच्या आत मिळाला.

पुढे ते न्यूयॉर्कला गेले. १९१७ साली तेथील स्वतंत्र कलावंतांच्या संस्थेने सहा डॉलर भरणाऱ्या कोणाचीही कृती मांडण्याचे जाहीर केले. द्यूशाँ स्वतः संचालकांपैकी एक. दुकानातून आणलेले चिनीमातीचे मूत्रपात्र ‘आर. मट’ या खोट्या सहीने, ‘कारंजे’ या नावाने, त्या प्रदर्शनासाठी दाखल झाले. संचालकांनी ते मांडण्यास नकार दिला. संस्थेने आपलाच नियम मोडला म्हणून द्यूशाँ यांनी राजीनामा दिला. मूळ वस्तू हरवली. उरले ते स्टीग्लिट्झ यांनी टिपलेले छायाचित्र.

नंतरची बरीच वर्षे त्यांनी बुद्धिबळाला वाहिली. ऑलिंपियाडमध्ये ते फ्रान्सतर्फे खेळले. जग त्यांना निवृत्त समजत असता १९४६ पासून वीस वर्षे ते गुपचूप एका कृतीवर काम करीत होते. १९६८ साली ते निवर्तले. ती कृती १९६९ साली फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात लोकांपुढे आली.

‘कारंज्या’च्या प्रतिकृती १९६४ साली त्यांच्याच संमतीने झाल्या, आणि आज त्या मोठमोठ्या संग्रहालयांत सन्मानाने विराजमान आहेत. ज्यांना प्रश्न विचारला त्यांनीच तो काचेच्या पेटीत ठेवला! मग द्यूशाँ जिंकले की हरले? एवढे मात्र खरे की, त्यांच्यानंतर कोणत्याही कलासंस्थेला आपला निर्णय स्वयंसिद्ध म्हणून मिरविता आला नाही; तिला कारण द्यावेच लागते.