फादर ब्लॅटर आणि वाळवंटातला खुळखुळा

मुंबईत धोबीतलावला सेंट झेवियर्स कॉलेजात वाळवलेल्या झाडाझुडपांचा मोठा संग्रह आहे. त्याला फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचं नाव आहे. स्वित्झर्लंडमधल्या रेबस्टाइन गावी १५ डिसेंबर १८७७ रोजी जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू १९०३ मध्ये मुंबईत आले आणि झेवियर्समध्ये शिकवू लागले. रानातून फांदी आणायची, कागदात दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची, खाली नाव, गाव, तारीख लिहायची, हे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडलं नाही.

सहकारी हॉलबर्ग यांच्यासोबत त्यांनी जोधपूर-जैसलमेरच्या वनस्पतींची नोंद केली. ती १९१८ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः आली. तिथल्या वाळूत सगळीकडे दिसणारं एक झुडूप म्हणजे सिणिया, शास्त्रीय नाव क्रोटालारिया बुऱ्हिया. आपला ताग आणि खुळखुळा याच्याच कुळातले. सिणियाची पानं बारीक आणि लवकर गळणारी, त्यामुळे पाणी वाचतं; अन्न तयार करण्याचं काम हिरव्या काड्याच करतात. मुळं खोल जाऊन वाळू धरून ठेवतात. फुलं पिवळी, त्यांवर तांबूस रेघा. शेंगा लहान.

अशा झुडपाचं नेमकं नाव माहीत असणं ही केवळ अभ्यासकांची हौस नाही. क्रोटालारियाच्या अनेक जातींत यकृताला घातक असे पायरोलिझिडिन गटातले अल्कलॉइड असतात. १९७० च्या दशकात सरगुजा भागात याच प्रजातीतल्या एका रानटी झाडाचं बी धान्यात मिसळलं. ते खाऊन लोकांच्या पोटात पाणी झालं, यकृत निकामी झालं, अनेक जण दगावले. दोष कोणत्या झाडाचा, हे कळल्याशिवाय असा आजार थांबवता येत नाही.

ब्लॅटर यांना औषधी वनस्पतींचं हे महत्त्व ठाऊक होतं. मुंबईचे डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि मेजर बसू यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ कीर्तिकरांच्या निधनानंतर १९१८ मध्ये निघाला. त्याची दुसरी आवृत्ती तपासून, वाढवून, बऱ्याच अंशी नव्याने लिहिण्याचं काम ब्लॅटर, फादर कायस आणि डॉ. म्हसकर यांनी केलं. कायस आणि म्हसकर परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन करत. सर्पदंशावर म्हणून दिल्या जाणाऱ्या झाडपाल्याची त्यांनी तिथे कसून परीक्षा घेतली होती. झाड ओळखणारा आणि त्याचा गुण तपासणारे असे एकत्र आले.

१९१९ पासून काही वर्षं ब्लॅटर झेवियर्सचे प्राचार्यही होते. २६ मे १९३४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. मॅकॅन यांच्यासोबत लिहिलेलं मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचं पुस्तक १९३५ मध्ये, त्यांच्यामागे, प्रसिद्ध झालं.

काढ्यासाठी आणलेली मुळी खरी की तिच्यासारखी दिसणारी दुसरीच, अशी शंका आली तर आजही झाड अशा संग्रहातल्या नमुन्याशी ताडून पाहावं लागतं. म्हणून कुणी दिलेला अनोळखी पाला, बी किंवा मुळी खात्री झाल्याशिवाय पोटात घेऊ नये.