केडगावची माउली : पंडिता रमाबाई

रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला जिजामातेची समाधी आहे. दुष्काळाने आणि परचक्राने उजाड झालेले पुणे या मातेने बाल शिवाजीला सोबत घेऊन पुन्हा वसविले, हे आम्ही शाळेतच शिकतो. त्याच पुणे प्रांतात सुमारे अडीचशे वर्षांनी आणखी एका मातेने दुष्काळातली मरणोन्मुख लेकरे पदराखाली घेतली. आम्ही पंडिता रमाबाईंविषयी लिहीत आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले होते. त्या माउलीने ती विद्या लेकीला दिली. तीर्थयात्रा करीत फिरणाऱ्या या कुटुंबाला १८७४ च्या सुमारास दुष्काळाने गाठले. रानातला पाला खाऊन दिवस काढावे लागले. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. भूक माणसाचे काय करते, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पुढचा प्रवास सर्वपरिचित आहे : कलकत्त्यातील विद्वत्सभेने दिलेली ‘पंडिता’ ही पदवी, बिपिनबिहारी मेधावींशी विवाह, १८८२ मध्ये आलेले वैधव्य, इंग्लंडला प्रयाण, १८८३ मध्ये वाँटेज येथे स्नानसंस्कार आणि १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले ‘शारदा सदन’. त्यांनी अँग्लिकन पंथाकडून दीक्षा घेतली, आपल्या ख्रिस्तसभेत त्या नव्हत्या; परंतु त्यामुळे आम्हांला त्यांच्याविषयी वाटणारा आदर तसूभरही कमी होत नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बालविधवा घेऊन आल्या. ही लेकरे हाडांचे सापळे झाली होती. अंगावर फोड, तोंडात व्रण, ताप आणि हगवण. उपाशी आतड्यांना एकदम पोटभर अन्न सोसत नाही, म्हणून थोडे थोडे भरवीत त्यांना जगवावे लागे. सर्वच जगली नाहीत.

त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला. इतक्या मुलींना शहरात ठेवण्यास सरकारने मनाई केली. तेव्हा केडगावला विकत घेतलेल्या माळरानावर त्यांच्यासाठी तात्पुरता निवारा उभा राहिला. ‘मुक्ती सदन’ त्यातूनच आकाराला आले. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांच्या अब्रूची काळजी घेतली जात नाही, असे रमाबाईंनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये निर्भयपणे लिहिले. सरकारने ते नाकारले. आश्रयदात्या सरकारला दुखविण्याचे हे धैर्य आम्हांला त्यांच्या दयेइतकेच मोलाचे वाटते.

१९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या गेल्या, शेती, विणकाम व छापखाना सुरू झाला. बऱ्या झालेल्या मुली नव्याने येणाऱ्या आजारी मुलींची शुश्रूषा करू लागल्या. आम्हांला वाटते, औषधाइतकाच त्याचा गुण आला असावा. कालची मरणोन्मुख मुलगी आज धडधाकट होऊन आपल्याला पेज भरविते आहे, हे अंथरुणावरचे पोर पाहत असे. अंध मुलींना रमाबाईंची कन्या मनोरमा हिने ब्रेल लिपी शिकविली.

धर्मांतराच्या आरोपामुळे पुण्यातील अनेक सुशिक्षितांनी १८९३ पासूनच पाठ फिरविली होती. त्या वादात मुलींची आजारपणे मात्र क्वचितच कोणाला आठवली.

१९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा निवर्तली. रमाबाई मराठी बायबलच्या भाषांतराचे काम पुरे करीत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांनी देह ठेवला. तेथील संस्थेचे दार मुलींसाठी आजही उघडे आहे.