नगरच्या किल्ल्यात मरण पावलेले चौथे शिवाजी महाराज

राजर्षी शाहू महाराजांची जयंती आपण सातपाटीपासून बोईसरपर्यंत वस्त्यावस्त्यांत साजरी करतो. पण कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा मुलगा कोल्हापूरच्या गादीवर आला, तो त्याआधी एका तरुण राजाचा बळी गेला म्हणून. ही गोष्ट तरुणांनी समजून घ्यायला हवी.

१८७० मध्ये युरोपच्या प्रवासात छत्रपती राजाराम महाराजांचे इटलीतील फ्लॉरेन्स शहरात निधन झाले. त्यांना मुलगा नव्हता. पुढच्याच वर्षी भोसले घराण्यातील नारायणराव यांना दत्तक घेण्यात आले. ५ एप्रिल १८६३ चा त्यांचा जन्म. म्हणजे आठ वर्षांच्या वयात ते चौथे शिवाजी छत्रपती झाले. राजा लहान, म्हणून खरी सत्ता इंग्रज अधिकारी आणि कारभाऱ्यांच्या हातात.

तारुण्यात येताच त्यांना वेड लागल्याचे सरकारने जाहीर केले. त्यांचा छळ होतो आहे, अशी कुजबुज प्रजेत होती. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर छापला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांचा आधार होता ती कोर्टात खरी ठरली नाहीत. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले.

या खटल्यात जामिनासाठी १०,००० रुपयांची गरज होती. ती भागवली महात्मा फुले यांचे सहकारी रामशेठ उरवणे यांनी. टिळकांशी सत्यशोधकांचे टोकाचे मतभेद होते. तरीही अन्यायाच्या प्रश्नावर ते मागे राहिले नाहीत. चळवळीत काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

महाराजांना मात्र न्याय मिळाला नाही. त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. २५ डिसेंबर १८८३ रोजी, देखरेखीवर असलेल्या ग्रीन या गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे २० वर्षे.

१७ मार्च १८८४ रोजी त्यांच्या पत्नी आनंदीबाईसाहेब यांनी यशवंतराव घाटगे यांना दत्तक घेतले. हेच आपले शाहू महाराज. १९०२ मध्ये त्यांनी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखीव केल्या आणि १९२० मध्ये माणगाव परिषदेत बाबासाहेबांच्या नेतृत्वाचे स्वागत केले.

महाराज खरोखर आजारी होते की आजारी ठरवले गेले, यावर वाद होत राहील. पण आजारी असले तरी त्यांना उपचार हवा होता, पहारेकरी नव्हे. छत्रपतीची ही गत झाली, तर तारापूरच्या कारखान्यात राबणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या किंवा मासळी विकणाऱ्या बाईच्या घरातल्या मनोरुग्णाचे काय होत असेल? एखाद्याला ‘वेडा’ म्हटले की त्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही, आणि तिथेच अत्याचाराला वाट मिळते.

आज २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे. रुग्णाला साखळीने बांधणे हा कायदा मना करतो. सन्मानाने उपचार घेणे हा त्याचा हक्क मानतो. आपल्या वस्तीत कोणी खोलीत कोंडलेले असेल, तर कार्यकर्त्यांनी त्या घरी जावे, घरच्यांना दोष न देता बोलावे आणि रुग्णाला सरकारी दवाखान्यापर्यंत पोहोचवावे. पुढच्या जयंतीच्या मिरवणुकीआधी एवढे काम प्रत्येक मंडळाला करता येईल.

जय भीम!